नळीचं माप

गोळी नळीपेक्षा थोडी मोठी असावी लागते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपल्या ऐकण्यात काहीतरी गफलत झाली, असंच मला वाटलं. जे नळीतून जायचं ते नळीपेक्षा लहान हवं, हे कुणीही सांगेल. ठासणीच्या बंदुकीत तसंच असतं. गोळी तोंडातून आत सारायची, म्हणून ती बारीक, आणि उरलेली फट तेलकट चिंधी भरून काढते. पण मागून काडतूस भरायच्या रायफलीत सगळं उलटं होतं, आणि गोळी स्वतः ओतलेल्या शिशाची असेल तर फारच उलटं.

रायफलीची नळी आतून गुळगुळीत नसते. तिला पिळाच्या खाचा असतात आणि दोन खाचांच्या मध्ये उंचवटे. या दोन गोष्टींना मी मनात कायम सरी आणि वरंबा म्हणत आलो. शेत पाहिलेल्याला याहून नेमके शब्द सापडायचे नाहीत. वरंबे गोळीच्या अंगात रुततात आणि तिला फिरवतात. सरी मात्र गोळीने काठोकाठ भरली पाहिजे. नाही भरली तर मागची पेटलेली दारू गोळीच्या कडेने पुढे निसटते. तो वायू इतका तापलेला आणि इतक्या दाबाखाली असतो की शिसं वितळून, खरवडून निघतं आणि नळीच्या पोलादाला चिकटतं. पुढची गोळी त्या पुटावरून जाते आणि आणखी थोडं शिसं ठेवून जाते. दहाव्या गोळीला नळी नळीच राहत नाही.

माझी रायफल मार्लिन 336, कॅलिबर .30-30. हा नमुना 1948 मध्ये बाजारात आला. काडतूस त्याहून जुनं, 1895 चं. खालचा खटका, म्हणजे हाताने चालवायचा लिव्हर, पुढे ढकलायचा, काडतुसाची रिकामी पितळी केस बाहेर. मागे ओढायचा, नवं काडतूस आत. पेनसिल्व्हेनियाच्या दाट झाडीत जिथे साठ-सत्तर यार्डांपलीकडे फारसं काही दिसतच नाही, तिथे हरणाच्या शिकारीला हीच रायफल पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. मी इथे आलो, टूलरूममध्ये नोकरीला लागलो, हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा वर्ग केला, परवाना काढला आणि शेजारच्या गृहस्थांकडून ती विकत घेतली. ते तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते. आयुष्यभर डाय-मेकर म्हणून काम केलेला माणूस. आमची मुलं त्यांना आजोबा म्हणायची, म्हणून मीही त्यांना आजोबाच म्हणायला लागलो. त्या हाकेचा अर्थ त्यांनी विचारून घेतला होता आणि त्यांना ती आवडायची.

रायफल देताना ते एवढंच म्हणाले, ‘‘तांब्याच्या वेष्टणाची गोळी हिला कुठलीही चालते. शिशाची ओतून घालणार असशील तर आधी हिला विचार.’’

मी विचारलं नाही. मी पुस्तकात पाहिलं. .30-30 ची गोळी 0.308 इंच व्यासाची. शिशाची गोळी एक थाऊ जास्त ठेवावी, म्हणजे 0.309. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण पंचवीस मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी धरली तर त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. टूलरूममध्ये आम्ही दिवसभर याच मापात बोलतो, त्यामुळे मला सगळं समजलंय असं मी गृहीत धरलं. साचा आणला, 0.309 ची सायझिंग डाय, म्हणजे गोळी दाबून नेमक्या मापाची करणारं पोलादी भोक, आणली आणि कामाला लागलो.

ओतकामाचं सुख मात्र मला पहिल्या दिवसापासून लाभलं. शिसं 327 अंशाला वितळतं, कथील 232 ला. दोन्ही एकत्र आले की रस आरशासारखा चकाकतो आणि वरची राख बाजूला सारली की त्यात आपला चेहरा दिसावा असं वाटतं. साचा थंड असेल तर गोळीच्या अंगावर सुरकुत्या पडतात, फार तापला तर दहिवर पडल्यासारखी ती पांढुरकी निघते. मधली एक अवस्था असते, त्या अवस्थेत साचा उघडला की गोळी आपणहून टपकन खाली पडते. शेकडाभर गोळ्या अशा ओळीने पडायला लागल्या की हात थांबत नाही. शिशात थोडं कथील असलं की रस साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. अँटिमनी असली की गोळी कडक होते. दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, तिथे काही खायचं-प्यायचं नाही, संपलं की हात कोपरापर्यंत धुवायचे. पाण्याचा एक थेंब भांड्यात पडला तर त्याची वाफ होऊन सगळा रस अंगावर उडतो. म्हणून मी त्या टेबलाजवळ पाण्याचा पेलासुद्धा येऊ देत नाही. या बाबतीत माझ्याकडे सूट नाही, मुलांना नाही आणि पाहुण्यांनाही नाही.

पहिल्या वर्षी पन्नास यार्डांवर माझ्या पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखरायच्या. नळीत उजेड धरून पाहिलं तर कडांना राखाडी पापुद्रे. तांब्याच्या तारेची जाळी ब्रशवर गुंडाळून घासत बसायचो, तास-तास. आणि मग मी तीच चूक केली जी बहुतेक जण करतात. शिसं नळीला लागतंय, म्हणजे शिसं मऊ आहे, म्हणजे ते कडक करा. एका जुन्या छापखान्यातून आलेला लाइनोटाइपचा धातू मिळाला. त्यात साधारण शंभरात चौऱ्यांशी भाग शिसं, बारा अँटिमनी, चार कथील. छपाईच्या ओळी धारदार याव्यात म्हणून बनवलेला हा धातू गोळ्या ओतणाऱ्यांनी छापखान्यांकडून वर्षानुवर्षं उचलला. शुद्ध शिशाचा कडकपणा ब्रिनेल मापावर पाचच्या आसपास, याचा बावीसच्या आसपास. मी तो सढळ हाताने मिसळला. साचा इतका सुरेख भरला की गोळीवर छपाईतल्या अक्षरासारखी कड आली.

नळी आधीपेक्षा जास्त भरली.

हे कळायला मला नंतर फार दिवस लागले नाहीत, पण त्या दिवशी मी हतबुद्ध झालो. मऊ गोळीच्या बुडाला दारूचा धक्का बसला की ती किंचित फुगते आणि थोडी फट स्वतःच बुजवते. कडक गोळी तेवढी फुगत नाही. मी फट तशीच ठेवली आणि ती बुजवायची जी थोडीफार शक्यता होती तीही काढून घेतली. दुखणं मापाचं होतं आणि मी औषध धातूला देत होतो. आमच्या कारखान्यात एखादा शाफ्ट बेअरिंगमध्ये सैल बसला तर शाफ्टचं पोलाद बदला असं कुणी म्हणणार नाही. सगळे आधी मायक्रोमीटर काढतील. रायफलीपुढे उभं राहिल्यावर ही साधी शिस्त माझ्याकडून सुटली, कारण 0.308 हा आकडा छापलेला होता आणि छापलेल्या आकड्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

मग मी आजोबांच्या दारावर टकटक केली.

त्यांनी काही सांगितलं नाही. मासेमारीच्या गळाला लावतात ते अंड्याच्या आकाराचं शिशाचं वजन एक काढून दिलं, पितळेची एक सळई आणि प्लॅस्टिकचा हातोडा. खुर्ची ओढून बसले. मी रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहिलं. त्यांनी तिसऱ्यांदा पाहायला लावलं. मार्लिनमध्ये एक सोय आहे: खटक्याचा एकच स्क्रू काढला की खटका आणि मागचा बोल्ट सरळ निघून येतो, नळी दोन्ही बाजूंनी मोकळी होते. नळी स्वच्छ पुसली, आत तेलाचा बोटभर हात फिरवला, शिशाचं वजन तोंडावर ठेवून हातोड्याने आत ठोकलं. बाहेर शिशाचं एक बारीक कडं कापून निघालं. याचा अर्थ शिशाने नळी पूर्ण भरली.

लाकडाची काठी ते कधीच वापरू देत नसत. लाकूड तिरपं चिरतं आणि नळीत पाचरीसारखं अडकून बसतं.

सळईवर हलके ठोके मारत मी शिसं पुढे सारू लागलो. दोन-तीन इंच गेल्यावर ते म्हणाले, ‘‘आता हातोडा ठेव. हाताने ढकल. आणि डोळे मीट.’’ मी तळहाताने सळई दाबली. शिसं सरकायला लागलं, एकसारखं, जाड तुपातून पळी फिरवावी तसं. मग एका जागी ते अडलं, जोर लावावा लागला, आणि अर्ध्या इंचानंतर पुन्हा सैल झालं. मी डोळे उघडले. सळईवर बोटाने खूण करून बाहेरून माप लावलं. ती जागा बरोबर नेम धरायच्या मागच्या साइटखाली होती. तिथे साइट बसवायला नळीत आडवी खाच कापलेली असते, आणि तिथलं पोलाद आत किंचित आवळतं. पुष्कळ खटक्याच्या रायफलींत ते असंच असतं, हे त्यांनी मग सांगितलं. माझ्या तळहाताला जे कळलं ते थाऊच्याही अंशाचं होतं. पंधरा वर्षं गेजने मापं घेणाऱ्या माझ्या हाताला पोलाद असंही बोलतं, हे माहीत नव्हतं.

शिशाचा तुकडा मागून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या घरात, आणि तिथून माझ्या ओंजळीत पडला. अंगभर बारीक रेषा. मार्लिनने पन्नासच्या दशकात मायक्रो-ग्रूव्ह नावाचं रायफलिंग आणलं: चार-सहा खोल सऱ्यांच्या जागी पुष्कळ उथळ सऱ्या. माझ्या नळीत त्या बारा. बारा हा सम आकडा, त्यामुळे समोरासमोरच्या दोन उंचवट्यांवर मायक्रोमीटर नीट बसतो. पाच सऱ्यांची नळी असती तर साधा मायक्रोमीटर फसवतो, तिथे तीन टेकूंचा लागतो. व्हर्निअरवर या कामी कधी भरवसा ठेवू नये, एका थाऊची चूक तो सहज करतो, आणि इथे सगळा खेळच एका थाऊचा.

तुकड्यावरचा उंचवटा म्हणजे नळीतली सरी. मी सहा वेळा मोजलं. 0.3089.

म्हणजे माझी 0.309 ची गोळी नळीला जेमतेम टेकत होती. त्यातून उथळ सऱ्यांमध्ये वरंब्याची पकड आधीच कमी. या नळीत गोळी सेकंदाला दोन हजारांहून जास्त फेरे घेत बाहेर पडते, कारण पीळ दहा इंचांत एक आहे. एवढ्या फिरण्याला धरून ठेवायला शिशाचं अंग सगळीकडून भरलेलं लागतं. मी 0.311 ची डाय मागवली.

सायझिंगचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते कंटाळवाणं वाटेल. मला ते सगळ्यात आवडतं. गोळी बुडावर उभी करायची, बुडाला तांब्याची चिमुकली टोपी, प्रेसचा दांडा खाली ओढायचा. गोळी कडक पोलादी गोल भोकातून वर जाते आणि वरच्या डब्यात पडते. साच्यातून ती 0.3125 निघालेली असते, डायमधून 0.311 होऊन येते. दीड थाऊ फक्त. पण दांडा त्या दीड थाऊचा हिशेब हाताला देतो. एखादी गोळी अगदीच सहज गेली तर ती बाजूला ठेवायची, साचा पूर्ण भरला नसणार. एखादीला जास्त जोर लागला तर साच्याचे दोन भाग मिटताना मध्ये शिशाचा कण अडकला असणार. मग एकेक गोळी दिव्याखाली फिरवून पाहायची. ओतलेलं शिसं फिक्कट, मळकट दिसतं. डायने जिथे दाबलं तिथे ते चकाकतं. चकाकीचा पट्टा गोळीभोवती सगळीकडे सारख्या रुंदीचा हवा. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला नाहीसा होणारा पट्टा म्हणजे गोळी गोल नाही किंवा डायमध्ये तिरपी शिरली. अशी गोळी मी पुन्हा भांड्यात टाकतो. शिशाची ही मोठी दया आहे, ते परत वितळतं.

माप फार उतरवायचं असेल, म्हणजे तीन-चार थाऊच्या वर, तर डायवर जबरदस्ती करू नये. गोळीचं अंग पिळतं, वंगणाचं मेण भरायला तिच्या अंगावर असलेल्या खाचा बुजतात. त्यापेक्षा साचा बदलावा. वर जायचं असेल तर डायच मोठी करता येते: लाकडी काठीला चीर पाडून त्यात बारीक पॉलिश पेपर अडकवायचा आणि लेथवर फिरवत डायच्या भोकातून न्यायचा, दर काही फेऱ्यांनी एक गोळी काढून मोजायची. मी दोन डाय अशा बनवल्या आहेत. घाई केली की भोक शिंगासारखं एका टोकाला पसरतं, एवढी खबरदारी घ्यायची.

आणि वरची मर्यादा आहेच. गोळी जाड झाली की तिला धरणारी केसची पितळी मानही जाड होते आणि काडतूस चेंबरमध्ये बसत नाही. खटक्याच्या रायफलीला अडलेलं काडतूस दाबून आत घालायचा फारसा जोर नसतो, आणि तो लावूही नये. मानेभोवती जागा राहिली तरच ती फुगून गोळी सोडते. तेव्हा नळी जेवढी मागते आणि चेंबर जेवढं देतं, त्यांच्या मधली जागा शोधायची. माझ्या रायफलीत ती 0.311 ला होती. दुसऱ्या कुणाच्या त्याच नमुन्याच्या रायफलीत 0.310 असेल. हा आकडा उसना घेता येत नाही.

इतकं करूनही सगळं एकदम सुटलं नाही. ताटाएवढा विखुरलेला मारा वाटीएवढा झाला, पण नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरच्या अगदी पुढे, शिसं अजून लागत होतं. हा सुगावा महत्त्वाचा असतो. तोंडाकडे शिसं लागलं तर मेण वाटेत संपतंय. मागे, सुरुवातीलाच लागलं तर गोळी नळीत शिरतानाच सैल आहे. पण मी तर 0.311 ची गोळी घालत होतो. डबाभर मोजून ठेवलेली.

आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘डब्यातली मोजलीस. काडतुसातली मोजलीस का?’’

मी एका तयार काडतुसातून गोळी ओढून काढली आणि मायक्रोमीटर लावला. 0.309. मी मेहनतीने 0.311 केलेली गोळी पितळेच्या केसने पुन्हा दोन थाऊ आवळून टाकली होती. केसचं तोंड आतून रुंदावणारा माझा प्लग तांब्याच्या कडक गोळीसाठी बनलेला, म्हणून बारीक. मऊ शिशाची गोळी त्या घट्ट मानेत बसवली की मान मोठी होत नाही, गोळी लहान होते. दोन पायऱ्यांचा, योग्य व्यासाचा प्लग घेतला, केसचं तोंड हलकंसं उमललं, गोळी न खरवडता आत बसली. काढून मोजली तर 0.311 कायम.

त्या शनिवारी पाच गोळ्या एका बशीच्या खळग्यात बसल्या. वीस गोळ्यांनंतर नळीत सुका फडका फिरवला, तो काळा निघाला, पण त्यात राखाडी पापुद्रा एकही नव्हता. मी तो फडका आजोबांना नेऊन दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, बोटांत चुरगळून पाहिला आणि खिशात घातला.

डिसेंबरात मी त्याच गोळीने पहिलं हरीण मारलं, साधारण पन्नास यार्डांवरून. त्या क्षणाबद्दल मला फार लिहावंसं वाटत नाही. एवढंच सांगतो: ते जागच्या जागी पडलं आणि मी बराच वेळ तिथे टोपी काढून उभा होतो. माप, मेण, डाय, हातोडा हे सगळं शेवटी याच्यासाठी असतं. जनावराला तळमळत ठेवू नये. सैल गोळीने कागद फाटला तर आपण पुन्हा मारतो. जनावराच्या बाबतीत पुन्हा नसतं.

शिशाबद्दलची दुसरी गोष्ट मला सतत टोचते, तीही लिहायला हवी. शिशाचे कण हरणाच्या मागे टाकलेल्या आतड्यांत राहतात आणि गिधाडं, गरुड ते खातात. कॅलिफोर्नियाचे कंडोर, तिथली प्रचंड गिधाडं, शिशाच्या विषाने मरत आले. त्या राज्यात 1 जुलै 2019 पासून बंदुकीने करायच्या सगळ्या शिकारीत शिशाची गोळी बंद आहे. मला तो कायदा योग्य वाटतो. माझ्याकडे बंदी नाही, तरी मी आतडी उघड्यावर सोडत नाही, खोल पुरतो, आणि गोळी गेलेल्या जागेभोवतीचं मांस हातभर कापून टाकतो. अलीकडे ओतलेल्या गोळ्या मी जास्त करून कागदी निशाणावरच झाडतो, मागे मातीचा ढिगारा असतो, आणि त्यातलं शिसं चाळून परत आणतो. हे पुरेसं आहे की नाही, याचा विचार दर हिवाळ्यात नव्याने करावा लागतो आणि मी तो करतो.

आजोबा दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीकडे राहायला गेले. सामान आवरताना तिने मला बोलावून एक पत्र्याचा डबा दिला. आत काड्यापेट्या होत्या, तीसेक. प्रत्येकीत कापसावर ठेवलेला शिशाचा एक तुकडा आणि पेटीवर शिसपेन्सिलीने लिहिलेलं बंदुकीचं नाव, तारीख, आकडा. पन्नास वर्षांत त्यांच्या हातून गेलेली प्रत्येक नळी तिथे होती. मी एकेक पेटी उघडून बघत होतो. तळाच्या थरात एका पेटीवर ‘मार्लिन 336’ आणि माझ्या रायफलीचा क्रमांक होता. खाली आकडा: 0.3088.

मी घरी येऊन माझा तुकडा काढला, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले, मायक्रोमीटर पुसला, शून्य तपासलं आणि दोन्ही पुन्हा मोजायला बसलो.